कर्जदाराचा चहा

डोळ्यांत ते थेंब घातले की बाहुल्या मोठ्या होतात आणि पुढचे काही तास जवळचं अक्षर लागत नाही. त्यामुळे श्रावणातल्या त्या शनिवारी माझ्या मामाला बँकेचा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला. एकतीस वर्षं जिल्हा सहकारी बँकेत काढलेल्या, त्यातली एकोणीस वसुलीत घालवलेल्या माणसाला हे फार लागलं. काळा चष्मा लावून तो आमच्या वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या एकुलत्या एक खुर्चीत बसला होता, आणि मी समोर गादीवर, मांडीवर कर्जाची फाइल घेऊन.

मामा दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासायला बार्शीहून पुण्याला येतो. त्याला शुगर निघून चौदा वर्षं झाली. या खेपेला दुसरंही काम होतं. माझ्या शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, कापला जाणार होता. बाबा सहकर्जदार, मामा जामीनदार. चार लाखांपर्यंत बँक कुणाचा जामीन मागत नाही, साडेसात लाखांच्या वर घर-जमीन असं काहीतरी तारण मागते, आणि मधल्यांना एक मामा लागतो.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"आधी काम. कर्जदाराच्या घरचा चहा शेवटी घ्यायचा असतो. वाच."

"मंजूर रक्कम ६ लाख. ऑगस्ट २०२२ मध्ये ३ लाख, ऑगस्ट २०२३ मध्ये ३ लाख. व्याज १० टक्के, बदलतं. परतफेड १२० महिने."

"आजची बाकी?"

"साडेसात लाख."

"दीड लाख कुठून आले?"

मला माहीत होतं, पण त्याला सांगायचं होतं. मी गप्प राहिले.

"पहिले तीन लाख तीन वर्षं, नव्वद हजार. दुसरे तीन लाख दोन वर्षं, साठ हजार. हे झालं सरळव्याज. कोर्स संपेपर्यंत आणि त्याच्यापुढं एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, त्याला तुम्ही पोरं सवलत म्हणता. बँक झोपते, व्याज झोपत नाही. आता हे दीड लाख मुद्दलात जाऊन बसणार आणि त्यांच्यावरही व्याज चालू. शिकताना नुसतं व्याज भरत गेलं तर काही बँका दरात एक टक्का सूट देतात, हे मी तेव्हा तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पहिल्या वर्षी ते महिन्याला अडीच हजार होत होतं, मामा. माझी मेस तीन हजारांची होती. मी ती एकवेळची करून टाकली होती. रात्री मॅगी, नाहीतर चहा-क्रीमरोल. त्यातून उरलेलं झेरॉक्स आणि बसच्या पासात जायचं. व्याज कशातून भरणार होते?"

"बापाला सांगायचं."

"बाबांना साखर कारखान्यात पगार किती महिने उशिरा मिळतो, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

यावर तो काही बोलला नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणकाळातलं व्याज सरकार भरत असे. आमचं घर त्या रेषेच्या थोडं वर. आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला तीन टक्के व्याज-सवलत देणारी पीएम विद्यालक्ष्मी योजना मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली, तेव्हा माझा कोर्स संपलेला होता. दोन्ही गाड्या आमच्या फलाटावर थांबल्याच नाहीत. असो.

"हप्ता सांग."

"९,९११."

"पहिल्या हप्त्यातलं व्याज ६,२५०. मुद्दल फिटणार ३,६६१." हे त्याने तोंडी केलं. "पहिली काही वर्षं तू बँकेसाठी राबणार, मुद्दलाला नुसतं बोट लावणार. म्हणून ऐक. महिन्याला दोन हजार जास्त भर. शाखेत लेखी दे की जादा रक्कम मुद्दलात घ्या, आणि हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. नाहीतर ते हप्ता कमी करून देतात आणि माणूस खूश होऊन घरी जातो. बदलत्या दराचं कर्ज आहे, मुदतीआधी फेडलं म्हणून दंड नाही. दोन हजार जास्त भरलेस तर मोबाइलवर बघ किती महिन्यांत फिटतं."

मी आकडे टाकले. "नव्वद महिन्यांत."

"तीस महिने आधी. अडीच वर्षं. आणि वाचले किती?"

"एक लाख एकवीस हजार."

काळ्या चष्म्याखालीही त्याचा चेहरा खुललेला दिसला. वसुलीच्या माणसाला आकडे बरोबर आल्याचा आनंद असतो, तो पैसे आल्याच्या आनंदापेक्षा निराळा.

मी आयकराचा विषय काढून पाहिला. जुन्या पद्धतीत 80-ईखाली शैक्षणिक कर्जाचं सगळं व्याज आठ वर्षं उत्पन्नातून वजा होतं, पहिल्या वर्षीचं माझं व्याजच ७३ हजारांच्या घरात जातं. मामाने तो एका हाताने उडवून लावला. "तुझ्या पगाराला नव्या पद्धतीत करच बसत नाही. नसलेल्या करातून वजावट घेऊन काय करतेस? लोक ही वजावट सांगतात जसं काही बँक पैसे परत देते."

"बरं. पण दोन हजार आणू कुठून?"

"खाण्यातून. बाहेरून किती मागवतेस?"

खोटं बोलता आलं असतं. त्याला मोबाइल वाचता येत नव्हता. पण ज्याची सही आहे त्याच्याशी खोटं कसं बोलणार? "जुलैत पाच हजार आठशे."

"झालं की! दोन हजार त्यातून काढ. उरलेल्या तीन हजार आठशेत राजासारखी खाशील. मी ९८ साली घराचं कर्ज सहा वर्षं आधी फेडलं. कसं? दुपारचा डबा मामीला मागितला नाही, कारण डबा म्हणजे तेल, डाळ, भाजी, आणि तेव्हा महिनाअखेरीला तेही मोजून. वसुलीला हिंडताना भजी-पाव मिळायचा. रुपयात पोट भरायचं. पोटाला चिमटा घेतला, बेबाकी दाखला घेतला, आणि त्या दिवसापासून मी कुणाच्या बापाला भीत नाही."

"आणि शुगर?"

"शुगर आमच्या घराण्यात आहे. अण्णांना होती."

"अण्णांना होती हे खरं. पण भजी-पावही खरा आहे."

"तू भांडायला बसलीस का काम करायला?"

मी फाइलच्या मागून दुसरा कागद काढला. ऑफिसने जूनमध्ये तपासणी शिबिर लावलं होतं, त्याचा रिपोर्ट. घरी कुणाला दाखवलेला नव्हता. "हाही वाचते. एचबीए१सी, ५.९."

मामा ताठ बसला. हा आकडा त्याला बँकेच्या कुठल्याही आकड्याइतकाच पाठ आहे. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ ला मधुमेह, मध्ये उंबरठा.

"तुझं वय काय?"

"सत्तावीस."

"सत्ताविसाव्या वर्षी उंबरठ्यावर," तो म्हणाला आणि बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसला. मग त्याला आपलंच काहीतरी सुचलं. "ही तीन महिन्यांची सरासरी असते, माहीत आहे ना? रक्तातल्या तांबड्या पेशी चारेक महिने जगतात, त्यांना चिकटलेली साखर मोजतात. आज उपास करून उद्या तपासलं तरी लपत नाही. बँकेतही तेच. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए. तोवर सगळे गोड बोलतात."

"म्हणून मी वेगळा विचार करतेय, मामा. हप्ता वेळच्या वेळी जाईल, तुझ्या सहीला धक्का लागणार नाही. पण जादाचे दोन हजार नाहीत भरणार. ते मी जेवणावर घालणार. आधी शरीर."

"हे बघ," त्याचा आवाज वसुलीचा झाला. "आधी शरीर, हे ज्याचं कर्ज फिटलंय त्याने म्हणावं. तू कर्जाला रक्कम समजतेस. कर्ज म्हणजे तुझा साहेब उद्या अंगावर ओरडला तरी राजीनामा देता येत नाही, ते. बापाला दवाखान्यात न्यायचं तर दुसरं कर्ज मिळत नाही, ते. मी दारात उभा राहिलोय माणसांच्या. एका घरात म्हातारी मला बघून भिंतीकडं तोंड करून झोपायची. अशा घरातली माणसं काय खातात ते मी बघितलंय. कर्जाच्या काळजीने झोप उडते, झोप उडाली की शुगर वाढते. अडीच वर्षं आधी मोकळी झालीस तर तेच तुझं पथ्य. मग खा तुझं ते ॲव्होकाडो."

खरं सांगायचं तर या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. माझी एक मैत्रीण नुसत्या हप्त्यापायी अशा कंपनीत टिकून आहे जिथे तिला रविवारीही फोन येतात, आणि ती रात्री दोनला उठून बिस्किटं खाते. बिस्किटांच्या पुड्यावर 'मल्टिग्रेन' लिहिलंय. मी तिला पुडा उलटून दाखवला: ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते यादीत पहिलं लिहायचं असतं, आणि पहिला होता मैदा. ती म्हणाली, दोन वाजता यादी कोण वाचतं.

"ॲव्होकाडो कोण खातंय?" मी म्हटलं. "मला भाकरी खायचीय."

"मग भाकरी कुठं महाग आहे? तू उगाच मोठं करून सांगतेस. हैदराबादच्या पोषण संस्थेचा तक्ता आमच्या डॉक्टरांनी भिंतीवर लावलाय, मला पाठ आहे. दिवसाला धान्य अडीचशे ग्रॅम, भाजी चारशे, फळ शंभर, डाळी-कडधान्य पंचाऐंशी, दूध तीनशे मिली, दाणे-तीळ असं पस्तीस, तेल सत्तावीस. लिही महिन्याचं."

राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली, त्यातलं हे ताट. दोन हजार कॅलरींचं. आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आणि उंबरठ्यावरचे त्याहून जास्त, असं आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितल्यावर असे तक्ते दवाखान्यांत दिसू लागले. मी वाकडच्या बाजारातले भाव सांगत गेले, मामा गुणाकार करत गेला. ज्वारी-गहू साडेसात किलो, पावणेचारशे. भाजी बारा किलो, सरासरी साठचा भाव धरून सातशे वीस. डाळी-मटकी-हरभरा अडीच किलो, तीनशे. शेंगदाणे एक किलो, एकशे चाळीस. दूध नऊ लिटर, पाचशे चाळीस. पेरू, केळी, पपई मिळून अडीचशे. तेल एकशे तीस.

"दोन हजार चारशे पंचावन्न," मामा म्हणाला. "तुझ्या जुलैच्या निम्म्याहून कमी. सरकारी तक्त्याबरहुकूम. आता बोल. चांगलं खायला पैसे लागतात म्हणतेस, उलट तुझे पैसे वाचतात. दोन हजार हप्त्यात घालूनही तेराशे उरतात."

हिशोब चोख होता. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती, आणि ती मामाला दिसणं शक्य नव्हतं. त्याचा डोळ्यांतल्या थेंबांशी काही संबंध नाही.

"मामा, हे साहित्य झालं. हे जेवण नाही."

"म्हणजे?"

"साडेसात किलो धान्य दळून कोण आणणार? चारशे ग्रॅम भाजी रोज निवडणार कोण, मटकीला मोड कोण आणणार? भाकरी थापणार कोण?"

"तू. नाहीतर कोण?"

"मी साडेआठला निघते. हिंजवडीचा चौक ओलांडायला किती वेळ लागतो ते तू आज पाहिलंस. घरी यायला साडेसात होतात. आठ ते दहा ऑनलाइन शिकवणी घेते, आठवी-नववीचं गणित. त्याचे महिन्याला आठ हजार मिळतात, ते हप्त्यासाठी. शिकवताना मधल्या पाच मिनिटांत जेवते. जे दारात येतं ते."

मामाने बोटांवर काहीतरी केलं. "आठ हजार मिळवतेस, आणि त्या दोन तासांपायी पाच हजार आठशेचं मागवतेस?"

"सगळं त्यापायी नाही. पण बरंचसं."

"मग शिकवणीतून उरले बावीसशे."

हा आकडा मी कधी काढला नव्हता. मोबाइलवर हप्त्याचे कॅल्क्युलेटर ढीगभर आहेत. त्यातल्या एकातही हा रकाना नाही. कर्ज पैसे नेतं ते स्टेटमेंटवर छापून येतं. संध्याकाळी नेतं ते येत नाही, आणि भाकरी संध्याकाळीच थापायची असते.

"तू ९८ साली डबा मागितला नाहीस म्हणालास. पण रात्री घरी गेल्यावर?"

"रात्री काय, ताट असायचंच."

"मामी किती वाजता उठते?"

"पाचला." मग, थोड्या वेळाने, "अजून पाचलाच."

"तिचा तुझ्या हिशोबात भाव काय धरलास? ज्वारी पन्नास रुपये, मामी शून्य रुपये."

हे मी जरा जास्तच बोलले. मामी माझ्या वतीने भांडायला बसलेली नव्हती, आणि मामाने तिला कधी कमी लेखलेलं मी पाहिलेलं नाही. पण पौष्टिक आहाराचं कुठलंही सदर उघडा, त्यात 'घरचं ताजं अन्न' असं लिहिलेलं असतं आणि त्या शब्दांमागे कुणीतरी पाचला उठलेलं असतं. तिघी नोकरी करणाऱ्या मुलींच्या फ्लॅटमध्ये ते कुणीतरी नाही. आम्ही एकमेकींची मामी व्हायला तयार नाही, आणि व्हावंही का?

मामाने विषय बदलला असं मला वाटलं. पण तो तिथेच येत होता.

"वसुलीला गेलं ना, की पहिली गोष्ट चहा. घरात काही नसलं तरी शेजारून साखर आणतील, पण चहा येणार. आणि गोड. जितकं कर्ज थकलेलं तितका गोड. नाही म्हटलं तर तो माणसाचा अपमान. आणि एकदा घेतला की तुला कडक बोलता येत नाही, घोट घशातून उतरलेला असतो. त्याला ते माहीत असतं, मलाही. म्हणून मी नवीन पोरांना सांगायचो, चहा शेवटी घ्या, आधी बोलून घ्या. पण घ्या. दिवसाला दहा-बारा घरं. दोन-दोन चमचे साखर. एकोणीस वर्षं." तो हसला. "बँकेने पगार दिला, कर्जदारांनी शुगर दिली. अण्णांकडून आली असेल ती वेगळी."

"हे कधी डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, व्यसन काही? म्हटलं, नाही."

मग आम्ही थोडा वेळ खाण्याविषयीच बोललो, कर्ज बाजूला ठेवून. मी जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात केलेला प्रयत्न सांगितला. एकदम दोन्ही वेळा भाकरी, वाटीभर मोड आलेले मूग, काकडी-गाजर, सगळं एका सोमवारपासून. गुरुवारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं झालं. मामाला फार मजा वाटली. "मैद्यावर वाढलेलं पोट ते. त्याला एकदम कोंडा दिलास तर ते संप करणारच. एक वेळ भाकरी, आठवडाभर. पाणी वाढव. मूग कच्चे खाऊ नकोस, वाफव. आणि शनिवारी साबुदाणा खिचडी खाऊन उपास केला म्हणू नकोस, तो नुसता पिठूळ गोळा आहे, दाण्याचा कूट आहे म्हणून तेवढं बरं." चहातली साखर मी दर आठवड्याला अर्ध्या अर्ध्या चमच्याने कमी करत आणली होती, ते मात्र त्याला पटलं. त्याला हप्त्याने केलेली कुठलीही गोष्ट पटते.

"पण भाकरीचं काय?" मी मूळपदावर आले. "खालच्या मजल्यावर एक मावशी स्वयंपाकाला येतात. आम्ही तिघींनी विचारलं. सकाळची एक वेळ, भाजी-आमटी-पोळी, अडीच हजार. पोळीऐवजी भाकरी हवी तर पाचशे जास्त. पुण्यात भाकरीचा भाव पोळीच्या वर गेलाय, मामा. त्या म्हणाल्या, पोळ्या पटापट होतात, भाकरीला जीव लागतो. बरोबरच आहे त्यांचं. तीन हजार भागिले तीन, माझे हजार. सकाळीच दोन डबे भरून होतील, एक दुपारचा, एक शिकवणीच्या वेळचा."

"आणि साहित्याचे अडीच."

"साडेतीन हजार सगळं मिळून. आतापेक्षा तेवीसशे कमी. बघ, मी तुझ्याच हिशोबाने चाललेय."

"मग ते तेवीसशे हप्त्यात घाल! तुझं जेवण झालं, माझंही झालं."

"त्यातले हजार देईन. बाकीचे नाही. मला ते साठवायचेत, चार महिन्यांनी शिकवणीची एक बॅच सोडण्यासाठी. रात्री नऊला मोकळी व्हायचंय. दहाला शिकवणं संपतं, झोप यायला एक वाजतो."

"म्हणजे दोनाऐवजी एक."

"हो."

"निम्मं भरलं की निम्माच फायदा." तो नाराज होता.

मी मोबाइलवर पुन्हा आकडे टाकले. महिन्याला हजार जास्त. उत्तर आलं ते आधी मलाच चुकीचं वाटलं, म्हणून परत टाकले.

"एकशे तीन महिने. सतरा महिने आधी फिटतं. आणि एकाहत्तर हजार वाचतात."

"परत सांग."

मी परत सांगितलं. दोन हजारांनी तीस महिने, एक लाख एकवीस हजार. एका हजाराने सतरा महिने, एकाहत्तर हजार.

"म्हणजे पहिला हजार सतरा महिने कापतो आणि दुसरा तेराच," मामा सावकाश म्हणाला. "एकाहत्तर आणि पन्नास." एकतीस वर्षं त्याने लोकांना जास्त भरा, जास्त भरा म्हणून सांगितलं होतं, पहिल्या हजाराला वेगळं काढून त्याने कधी पाहिलं नसावं. कर्जदाराला कोण सांगतं की पहिलं पाऊल सगळ्यात लांब पडतं? "दुसऱ्या हजाराची किंमत मग तेरा महिने. अन् पन्नास हजार. तेवढ्याला तू भाकरी घेतेस."

"भाकरी आणि नऊ वाजता मोकळी रात्र."

"महाग घेतेस."

"असेल. पण मला सत्तेचाळिसाव्या वर्षी पडदा तपासायला जायचं नाहीये."

हे बोलून गेल्यावर मला दिसलं की फाइलमध्ये तिसराही एक कागद आहे. सकाळी दवाखान्यातून मिळालेला त्याचा स्वतःचा रिपोर्ट. दुपारभर त्याने बँकेचं प्रत्येक पान वाचून घेतलं होतं, त्या कागदाला हात लावू दिला नव्हता.

"हा वाचू?"

"नको. डोळे आले की माझा मी वाचेन."

सहा वाजले असतील. बाहेर पाऊस थांबून उजेड पिवळा झाला होता. मामाने चष्मा काढला, भिंतीवरचं कॅलेंडर लांबून पाहिलं, मग जवळ जाऊन पाहिलं, नारळी पौर्णिमा कधी ते मोठ्याने वाचलं. अक्षर लागायला लागलं होतं. त्याने तो कागद उचलला आणि खिडकीशी गेला. एका पानाचा रिपोर्ट. त्याला बराच वेळ लागला. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वर हात ठेवला, जसा तो वसुलीची रोकड ठेवल्यावर ठेवायचा.

"काय लिहिलंय?"

"सहा महिन्यांनी परत बोलावलंय. वर्षाने नाही." एवढंच म्हणाला. "चहा टाक आता."

मी टाकला. माझ्या चहात आता साखर नसते, आणि त्याला मी विचारलं नाही. त्याने पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कपाकडे पाहिलं.

"साखर संपली का घरातली?"

"आहे."

तो काही म्हणाला नाही. बशीत ओतून, फुंकर मारत, तळापर्यंत प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "घेतला मी तुझा चहा. आता मला कडक बोलता येणार नाही. हजार तर हजार." आणि मला वाटलं संपलं, तेवढ्यात: "त्या मावशींचा नंबर दे. भाकरीचे पाचशे जास्त म्हणतात ना? सोलापूरकडची कडक भाकरी महिना-महिना टिकते, बचतगटाच्या बाया करतात. दर महिन्याला एसटीने पार्सल टाकतो, शेंगाची चटणीही. आठवड्यातले तीन दिवस ती खा. म्हणजे मावशींना भाकरी चारच दिवस थापावी लागेल. मग पाचशे कशाचे? तीनशे."

"मामा, त्यांच्याशी घासाघीस करायची नाही."

"अडीचशे म्हणणार होतो," तो म्हणाला, आणि मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून आकडे शोधायला लागला.